करीमभाई, उतारावर गाडी गिअरमध्ये होती

करीमभाई, सोमवारी सकाळी मी तुमच्या घरी आलो तो तुमच्यावर चिडून आलो होतो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही लिहवणार नाही. कुंडलिकेच्या पुलाजवळ आपल्या नेहमीच्या कोपऱ्यावर मी सव्वाआठपासून उभा होतो. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले, नऊचा भोंगा झाला. तुमच्या पिकअपचा आवाज दोन गल्ल्या आधी यायचा, तोही येईना. शाळेची घंटा चुकणार, मस्टरवर लाल रेघ पडणार, ही काळजी, आणि काळजीचा राग व्हायला मला वेळ लागत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरातरा कदीम जालन्यात तुमच्या गल्लीत शिरलो. गाडी दारातच उभी. माल भरलेला, ताडपत्री दोरीनं आवळलेली, चाकामागे दगड. म्हटलं, सगळं तयार ठेवून हे महाशय चहा पीत बसलेत. बोलायची पहिली दोन वाक्यं ओठांवर आली होती. मग दाराबाहेरच्या चपला दिसल्या. इतक्या चपला तुमच्या दारात मी कधी पाहिल्या नव्हत्या.

तुमचा भाऊ सलीम बाहेर आला. म्हणाला, "पहाटे नमाजाला उठले, अन् छातीत दुखतंय म्हणून बसले ते बसलेच." मी त्याला विचारलं, "मग आज गाडी जाणार नाही?" असं विचारलं मी, करीमभाई. माणसाच्या तोंडून अशा वेळी काय निघेल याचा नेम नसतो, पण माझ्या तोंडून हे निघालं.

दुपारी मी खांदा दिला, माती दिली. आज पाचवा दिवस. रोज साडेआठला मी दचकतो.

सहा वर्षं. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझी राजूरच्या शाळेत नेमणूक झाली आणि तुम्ही जालन्याच्या मोंढ्यातल्या घाऊक बाजारातून राजूरच्या दुकानांत किराणा पोचवायचात. एसटीची सकाळची गाडी पोचायची ती शाळेची घंटा झाल्यावर. राजूरलाच खोली घ्यावी म्हणून चार ठिकाणी फिरलो. आडनाव विचारून झाल्यावर चारही खोल्या नेमक्या त्याच आठवड्यात पाहुण्यांसाठी लागल्या. त्या संध्याकाळी मी गणपतीच्या देवळाजवळच्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभा होतो, आणि तुमची ती मातकट पिकअप रिकामी परत निघाली होती. तुम्ही थांबलात. "जालना? बसा." तेवढंच. थोडं पुढे गेल्यावर सीटखालून पाण्याची बाटली काढलीत, तोंड लावून प्यालात आणि तशीच माझ्यापुढे धरलीत. मी थांबलो. खोल्या बघून आलेला माणूस थांबतोच. तुम्ही म्हणालात, "घ्या नं मास्तर. गरम हाय, पण पाणीच हाय." मी प्यालो. डिझेलचा वास येत होता पाण्याला. मी मास्तर आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं, तर म्हणालात, "दुसरा कोन येवढा घाबरून उभा राहील?"

दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या शेजारच्या सीटवर. गावात हसले लोक. आमचे मुख्याध्यापक तर पहिले सहा महिने रोज विचारायचे, "काय साळवे गुरुजी, आज साखरेसोबत आलात का तुरीच्या डाळीसोबत?" शर्टाला डिझेलचा वास चिकटला तो चिकटलाच. माझी बायको प्रमिला सोड्यात भिजवून थकली. वर्गातली पोरं सांगायची, गुरुजी, तुम्ही यायच्या आधी तुमचा वास येतो. पण घंटा एकदाही चुकली नाही. एकदा सोडून. त्याबद्दल पुढे.

मी भित्रा माणूस आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या घरात सरकारी पगाराची नोकरी लागलेला मी पहिला, आणि ती जाईल अशी भीती मला नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासून होती. आणीबाणीत तर ती दुप्पट झाली. गाडीत बसलो की ती भीती गाडीवर निघायची. करीमभाई, हा टकटक आवाज कसला? करीमभाई, धूर जरा जास्तच काळा येतोय का? मागची दोरी सैल झालीय का बघा. चाकामागचा दगड काढला ना? तुम्ही एका हातानं स्टेअरिंग धरून, दुसऱ्यानं विडी शोधत म्हणायचात, "मास्तर, आवाज येऊन राह्यला तोवर झोपा. आवाज बंद झाला का मंग उठा." डिझेलचं इंजिन सुरू असेपर्यंत आरडाओरडा करतंच, ही गोष्ट मला कळायला वर्ष लागलं. नंतर त्या आवाजाशिवायच मला कसंसं व्हायला लागलं.

आणि आपलं भांडण. ते राहिलंच, नाही का? डिझेलची टंचाई आली, पंपावर पिंपं घेऊन रांगा लागल्या, तेव्हापासून तुम्हाला उतार दिसला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय लागली. टंचाई संपली, सवय नाही संपली. नाल्याच्या पुलाआधीचा तो लांब उतार आला की तुमचा हात गिअरवर जायचा आणि माझा दाराच्या कडीवर. भरलेली गाडी नुसत्या स्वतःच्या वजनानं घरंगळत निघायची. मी म्हणायचो, "गिअरमध्ये ठेवा. ब्रेक तापतात असं तुम्हीच एकदा म्हणालात." तुम्ही म्हणायचात, "येवढ्या उताराचं डिझेल अल्लानं फुकट देल्लंय मास्तर, ते मी न्हाई का म्हनू?" मी म्हणायचो, माझी लेक चार वर्षांची आहे. तुम्ही म्हणायचात, माह्या तीन हायेत, त्यांचं बी पोट हायच. पुढे दोन मैल मी बोलायचो नाही. मग तुम्ही विचारायचात, "मास्तर, रुसले का?" सहा वर्षांत शेकडो वेळा हे झालं असेल. माझं म्हणणं बरोबर होतं, हे मी आजही सांगतो.

त्या एका दिवशीही माझंच बरोबर होतं, असं मी तुम्हाला ठासून सांगायचो. समोरून म्हशी आल्या होत्या. गाडी न्यूट्रलमध्ये, उतार अर्धा झालेला. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी समोरची काळी मूठ धरली आणि ओढली. ती इंजिन बंद करायची मूठ. ती ओढली की गाडी थांबते एवढंच मी रोज बघत आलो होतो, ती फक्त इंजिन थांबवते हे डोक्यात आलं नाही. आवाज बंद झाला. ती शांतता मला अजून आठवते. चाकांखालची खडी तेवढी वाजत होती आणि आपण तसेच खाली चाललो होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. ब्रेकवर जवळजवळ उभे राहिलात, म्हशींच्या कडेनं गाडी काढलीत आणि ती जाऊन थांबली बरोबर पुलावर. दोन्हीकडे चढ. तुमची बॅटरी कायम मेलेली, म्हणून तर तुम्ही गाडी नेहमी उतारावर लावायचात. आता ती सगळ्या रस्त्यातल्या एकुलत्या एका खड्ड्यात बसली होती आणि मागे पंचवीस पोती.

तुम्ही विडी पेटवलीत. मग म्हणालात, "आवाज बंद झाला का उठा म्हणलं होतं. तुमी आवाज बंद करूनच उठले." आणि हसायला लागलात. मी रडायच्या बेतात होतो. शेवटी एका बैलजोडीनं आपल्याला चढावर ओढून नेलं आणि तिथून उताराला मागे घरंगळू देत तुम्ही गाडी सुरू केलीत. मी शाळेत पोचलो साडेबाराला आणि त्याच दिवशी तपासणीला साहेब आलेले. मी दारात उभा, हात काळे. तेवढ्यात मागून तुम्ही आलात, टोपी काढलीत आणि म्हणालात, "साहेब, चूक माही हाय. डिझेल भराया इसरलो. मास्तर बिचारे धक्का मारून मारून थकले." साहेबांनी तुम्हालाच चार शब्द सुनावले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलेत. परतीच्या वाटेवर त्या मुठीला लाल चिंधी बांधलेली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "हिला हात न्हाई लावायचा." आभार मानायचे राहून गेले. त्या वेळी मला वाटलं होतं, उद्या मानू.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला अक्षरं शिकवायला घेतली. आभाराऐवजीच घेतली असावीत. तुम्ही निजामाच्या वेळच्या शाळेत दोन इयत्ता उर्दू शिकलेले, मराठी फर्डी बोलायचात, पण वाचायची वेळ आली की पावती माझ्याकडे सरकवायचात. मी मैलाच्या दगडांपासून सुरुवात केली. राजूर, जालना. मग दुकानांच्या पाट्या, मग ट्रकांच्या पाठी. आमच्या शाळेचं टपालही तुमच्याच हाती यायचं, पोस्टानं चार दिवस लागायचे म्हणून जालन्याच्या कचेरीतला शिपाई कागद दोऱ्यानं बांधून तुमच्या सीटवर ठेवायचा. त्यावरचं 'मुख्याध्यापक' वाचायला सांगितलं, तर तुम्ही गठ्ठा माझ्या मांडीवर टाकलात. "येवढं लांब नाव? मंग पगार बी लांबच असंल." माझी समजूत अशी, की दोन-तीन अक्षरी शब्दांपलीकडे तुम्ही गेला नाहीत. चार वर्षं शिकवून विद्यार्थी पुढे जाईना, याचं मला मास्तर म्हणून वाईटही वाटायचं.

आता ते सांगतो, जे सोमवारी सांगणार होतो.

करीमभाई, माझी बदली झाली आहे. जालन्यातल्याच शाळेत, घरापासून चालत दहा मिनिटं. आणि ती आपोआप झाली नाही. दोन वर्षं मी तिच्या मागे होतो. मधून मधून मी रजा घ्यायचो ना, दाढ दुखते म्हणून? तेव्हा मी औरंगाबादला जिल्हा परिषदेत खेटे घालत होतो. तुम्ही माझ्यासाठी लवंगेचं तेल आणलंत. मी तुमच्यासमोर दाढेला बोळा लावून बसलो आणि शाळेपर्यंत तोंड भाजत राहिलं.

तुमच्या गाडीला कंटाळलो म्हणून नव्हे हो. रोज सकाळी निघताना लेक दारात उभी राहायची आणि मला वाटायचं, आजच तो उतार आपल्याला गिळणार. प्रमिला म्हणायची, "करीमभाईंना सांगून टाका, ते काय खातील का तुम्हाला?" पण मी सांगू शकलो नाही. तुमच्या शेजारची ती सीट, तिला माझ्या बसण्याचा खळगा पडलेला, ती रिकामी ठेवून मी चाललो हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मुख्याध्यापकांनी हुकूम हातात दिला तो शुक्रवार. त्यानंतर आठ दिवस मी तो सदऱ्याच्या खिशात घेऊन तुमच्या शेजारी बसलो. प्रत्येक वळणाला ठरवायचो, हे वळण झालं की सांगू. खिशावर हात ठेवून बसायचो. तुम्ही एकदा विचारलंत, "छातीत दुखून राह्यलं का मास्तर?" मी म्हटलं, "नाही हो, सवय आहे." तुम्हीच विचारलंत, करीमभाई, आणि मला.

काल मी तुमच्या घरी गेलो. सलीमनं ओसरीवर बसवलं. हमीदाभाभी आतल्या खोलीत, दारावर पडदा. सहा वर्षं त्यांच्या हातच्या चपात्या खाल्ल्या, दर ईदला शीरखुर्मा प्यालो, पण त्यांचा आवाज मी नीट ऐकला तो काल. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग राहवेना, म्हणून म्हटलं, "भाभी, मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. राहून गेली."

पडद्यामागून आवाज आला, "बदलीचं नं भाई? त्यांना म्हाईत होतं."

मला वाटलं, मुख्याध्यापकांनी सांगितलं असेल. पण तसं नव्हतं.

"त्यो कागद त्यांच्याच हाती आल्ता," भाभी म्हणाल्या. "मंगळवारी संध्याकाळी. गठ्ठ्यात वरच होता. तुमचं नाव दिसलं म्हणून घरात घेऊन आले. दिव्याखाली बसले अन् बोट ठेवून ठेवून सगळा वाचला. घंटाभर लागला असंल. मंग मला म्हणले, मास्तर चाल्ले."

त्याच पुढे म्हणाल्या, "दोन दिवस गादीखाली ठेवला. मी म्हणलं, ज्याचा त्याला देऊन टाका. तं म्हणले, गहाळ झाला म्हणलं तं कोन इचारतंय? शुक्रवारी सकाळी आपणच काढला. म्हणले, मास्तरनं वाचाया शिकवलं ते ह्याच्यासाठी न्हाई."

सलीम खाली मान घालून ऐकत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला विचारलं, आता गाडी कोण चालवणार. म्हणाला, "मीच. मोंढा अकराला उघडतो, तवा माल भरून निघंन." मी म्हटलं, "पण दुकानदारांना तर माल सकाळी दहाच्या आत लागतो." त्यानं माझ्याकडे बघितलं. "कायला लागतो? दुपारी बी चालतो. भाई पहिले दुपारीच जायचे. तुमी आल्यापासून आदल्या दिवशी माल भरून ठेवाया लागले."

करीमभाई, मी मास्तर आहे. मला एवढंही कळू नये? शनिवारी सकाळची शाळा असायची, तेव्हा आपण सहाला निघायचो. त्या वेळी राजूरला एक दुकान उघडं नसायचं. तुम्ही गाडी देवळाच्या भिंतीशी लावून ताडपत्रीवर पाय पसरायचात आणि मी मागे वळून न बघता शाळेकडे पळायचो. सहा वर्षं मी समजत होतो की तुमच्या मालाच्या गाडीत मला जागा मिळाली आहे. आणि मीच वर तुम्हाला रोज घड्याळ दाखवायचो.

काल घरी येताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि मी कुंडलिकेच्या पुलावर कठड्याला धरून उभा राहिलो. तुम्ही कागद वाचलात तो मंगळवारी. बुधवारी सकाळी आपण त्या लांब उतारावर आलो आणि माझा हात सवयीनं कडीवर गेला. तुमचा हात गिअरवर गेला नाही. इंजिन घुमत राहिलं आणि गाडी गिअरमध्येच, सावकाश, बैलगाडीच्या चालीनं खाली उतरली. गुरुवारी तसंच. त्यानंतर रोज. मला वाटलं, तुमची तब्येत बरी नाही, किंवा गाडीत काही बिघाड आहे जो तुम्ही माझ्यापासून लपवताय. हीच नवी काळजी घेऊन मी बसायचो. सहा वर्षं मागून जे मिळालं नाही ते मिळत होतं आणि मला त्याचीही भीती वाटत होती.

आणि गेला शनिवार, आपली शेवटची खेप. सकाळची शाळा, थंडी, काचेवर दव. उतार आला. गाडी गिअरमध्ये. तुम्ही दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होतात, आणि म्हणालात, "आता खुश का मास्तर?" माझा हात खिशावर, खिशात हुकूम. बोलायची ती वेळ होती. तुम्ही दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत यायचं होतं. पण तुमच्या शेजारी गप्प बसणं मला सोसेना, लवकर शाळा यावी आणि या सीटवरून सुटावं असं झालं होतं. मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "इतकं हळू कशाला हो? उशीर होतोय. जरा जल्दी घ्या."

तुम्ही हात गिअरवर नेलात आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडलीत.